ठाण्यात ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी एक लाख रुपये द्यायचे आहेत, कशासाठी द्यावेत?
नव्या व्हीलचेअर घेऊन देऊ नका; रुग्णोपयोगी साहित्य वापरायला देणाऱ्या एखाद्या ट्रस्टला दुरुस्तीसाठी पैसे द्या. व्हीलचेअर देणारे पुष्कळ भेटतात, आणि नौपाड्यातल्या जुन्या बिनलिफ्टच्या इमारतींत ती जिना उतरतही नाही. अडतं ते किरकोळ गोष्टींवर: वॉकरची रबरी टोपणं झिजली की तो ओल्या फरशीवर सरकतो, एअरबेडचा पंप बंद पडला की अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा होतात, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा फिल्टर तर कोणी धूतच नाही. सोबतच्या पत्रात ‘फक्त दुरुस्ती व सुट्या भागांसाठी’ असं स्पष्ट लिहा. रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरातली देणगीची वजावट (८०जी) नाही, वस्तूरूपातल्या दानाला तर मुळीच नाही. ट्रस्टकडून देणगीचं प्रमाणपत्र (फॉर्म १०बीई) मागून घ्या. मात्र नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मिळणार नाही.