पाळी गेल्यावर हृदयाचे संरक्षणही गेले का?

पाळी थांबून दोन वर्षे झालेल्या त्रेपन्न वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. बोलता बोलता खरी काळजी बाहेर आली. रात्री अंगातून वाफा येत, छातीत धडधड होई, आणि थोरल्या बहिणीला साठीनंतर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला होता. त्यांनी विचारले, “इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक संपले म्हणजे हृदयाचे संरक्षण गेले ना? मग त्याच्या गोळ्या घेऊन ते परत मिळते, की गोळ्यांनीच झटका येतो?” त्यांच्या वाचनात दोन्ही मते आली होती आणि दोन्हींनी त्यांना सारखेच घाबरवले होते.

ही भीती निराधार नाही, हे मी त्यांना आधी सांगितले. रक्तवाहिनीच्या आतील अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवते, त्याने वाहिनी सैलावते आणि रक्त सहज वाहते. इस्ट्रोजेन या स्रावाला चालना देते. पाळी जाण्याच्या सुमारास एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, वाढू लागते, पोटाभोवती चरबी साठते आणि धमन्या अधिक ताठर होतात. मात्र हे सारे एका रात्रीत घडत नाही. धोका वर्षानुवर्षे हळूहळू चढत जातो, आणि म्हणूनच त्याला आवर घालायला अवधी मिळतो.

गोळ्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. निरीक्षणांवरून असे वाटत होते की संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो. पण 1998 मध्ये, आधीच हृदयविकार असलेल्या 2,763 स्त्रियांवरील चाचणीत एकूण फायदा दिसला नाही, उलट पहिल्या वर्षी झटक्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीचा इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासारखे काम करणारे औषध) एकत्र देणारा भाग, फायद्यांपेक्षा धोके जास्त दिसल्याने, 2002 मध्ये मुदतीआधीच थांबवण्यात आला. त्या बातमीने जगभरातील स्त्रिया धास्तावल्या. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, म्हणजे अनेकींची पाळी जाऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता, ही गोष्ट मात्र त्या गदारोळात मागे पडली. पुढे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एलीट’ चाचणीत, पाळी गेल्यापासून सहा वर्षांच्या आत इस्ट्रोजेन सुरू केलेल्या स्त्रियांमध्ये मानेतील धमनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. दहा वर्षांनंतर सुरू केलेल्यांमध्ये तसा फरक पडला नाही. धमनी निरोगी असताना इस्ट्रोजेनला मिळणारा प्रतिसाद आणि आत चरबीचे थर बसल्यानंतरचा प्रतिसाद एकसारखा नसतो, असा याचा अर्थ लावला जातो.

तरीही केवळ हृदय जपण्यासाठी संप्रेरके घ्यावीत, असे वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. ती वाफा, निद्रानाश यांसारख्या त्रासांसाठी असतात. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांमध्ये लाभ धोक्यापेक्षा जास्त ठरतो. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन आधी यकृतातून जाते आणि रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढवते. त्वचेवर लावायच्या पट्टीत हा धोका कमी दिसतो. गर्भाशय असलेल्या स्त्रीला सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा तत्सम औषध द्यावेच लागते.

धडधड या वयात बहुधा निरुपद्रवी असते, पण तसे गृहीत धरू नये, या मताची मी आहे. मी त्यांना ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासण्यासाठी डॉक्टरांकडे पाठवले. ईसीजी ठीक आला. रक्तदाब मात्र पुन्हा पुन्हा मोजूनही 150/94 च्या आसपास राहिला. इतके दिवस त्या इस्ट्रोजेनच्या चिंतेत होत्या आणि ज्यावर खात्रीचे उपचार आहेत तो धोका कोणी मोजलाच नव्हता. डॉक्टरांनी रक्तदाबाचे औषध सुरू केले, रोज चालायला सांगितले आणि रक्तदाब आटोक्यात आल्यावर वाफांसाठी पट्टीचा विचार करू, असे ठरवले. श्रमाने दम लागणे, जबडा किंवा पाठ दुखणे, अकारण मळमळ व घाम येणे हीदेखील स्त्रियांमध्ये झटक्याची लक्षणे असू शकतात, हे मी त्यांच्या घरच्यांनाही समजावून सांगितले.

त्यांच्या धाकट्या नणंदेची पाळी मात्र अडतिसाव्या वर्षीच गेली होती, आणि तिलाही हेच उत्तर लागू पडते का, असे त्यांनी निघताना विचारले. तसे ते लागू पडत नाही. चाळिशीच्या आत पाळी गेली, किंवा लहान वयात दोन्ही बीजांडकोश काढावे लागले, तर हृदयविकाराचा धोका खरोखरच वाढतो. अशा स्त्रियांना दुसरी अडचण नसल्यास नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सरासरी वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, संप्रेरके देण्याची शिफारस केली जाते. नणंदेला स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ लवकर घ्यायला सांगा, असे मी त्यांना सांगितले.