हेल्प, असिस्ट, सपोर्ट, एड: 'मदत करणे'ला नेमका कुठला शब्द?

तुम्ही विचारलंय की मराठी मीडियममधनं आलोय, हे सगळे शब्द एकच का, आणि कॉलेजच्या ऑफिसला बसपासच्या फॉर्मसाठी मेल टाकताना 'प्लीज असिस्ट टू मी' चालेल का.

मी बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात आहे, घरात मराठी, बसमध्ये कन्नड आणि दिवसभर कस्टमरला इंग्लिश मेल, त्यामुळे हे सगळे घोळ मी स्वतः घालून झालेत. पहिल्याच वर्षी पुण्याहून कस्टमर आलेला, मी आमच्या ज्युनिअर इंजिनिअरची ओळख 'ही इज माय हेल्पर' अशी करून दिली. पोरगं दिवसभर माझ्याशी बोललं नाही. आमच्यात हेल्पर म्हणजे वाळू भरणारा, साचा उचलायला हात लावणारा, पगाराच्या शीटवर त्याचा रकानाच वेगळा. असिस्टंट म्हणायला पाहिजे होतं.

तेव्हापास्नं मी एवढंच बघतो की काम मुळात कुणाचं आहे. नर्स डॉक्टरच्या हातात हत्यारं देते, ती असिस्ट करते, ऑपरेशन डॉक्टरचं. फुटबॉलात पण गोल एकाच्या नावावर आणि पास देणाऱ्याला असिस्ट. दारात तांदळाचं पोतं टेम्पोतनं उतरवायचंय आणि शेजाऱ्याला 'जरा हात लाव की' म्हटलं तर ते गिव्ह मी अ हॅन्ड, दोन मिनिटांचं काम, झालं की विसरायचं. (खरं 'गिव्ह हिम अ बिग हॅन्ड' म्हणजे टाळ्या वाजवा, तिथं उठून पोतं उचलायला जाऊ नका.) दुकानातला पोऱ्या गावाला गेला म्हणून भाऊ आठवडाभर गल्ल्यावर बसला, तर 'ही हेल्प्ड अस आऊट', म्हणजे अडचणीत निभावून नेलं. आणि मामा भाचीच्या शिक्षणाला वर्षानुवर्षं पैसे देतो ते सपोर्ट, मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थच खालून उचलून धरणे. सपोर्टचा दुसरा अर्थ पाठिंबा, तो आम्हा सीमाभागातल्यांना वेगळा सांगायला नको.

एड बोलताना क्रियापद म्हणून सोडूनच द्या. फर्स्ट एड, हिअरिंग एड, एडेड शाळा, असं ठरलेल्या जागीच ते बसतं. एडिंग अँड अबेटिंग म्हणजे तर गुन्ह्याला साथ देणं. अडलात तर सरळ हेल्प वापरा, ते जवळजवळ सगळीकडे चालतं.

आता तुमचं 'टू मी'. मराठीत 'मला मदत करा', कन्नडमध्ये 'ननगे सहाय माडी', दोन्हीकडे 'ला' आहे, म्हणून आपल्या इकडच्या माणसाच्या तोंडात तो 'टू' आपोआप येतो आणि कुणाला खटकत पण नाही, मी स्वतः किती वर्षं तसंच लिहीत होतो. इंग्लिशमध्ये हेल्प मी, असिस्ट मी, मध्ये काही नाही. पुढं वस्तू आली तर विथ: हेल्प मी विथ द फॉर्म. पुढं क्रिया आली तर हेल्प मी फिल आऊट द फॉर्म किंवा टू फिल आऊट, दोन्ही बरोबर, असिस्टला मात्र असिस्ट मी इन फिलिंग आऊट. आणि 'थँक्स फॉर युवर हेल्प्स' नको, हेल्पचं तसं अनेकवचन होत नाही.

अजून एक, 'आय कान्ट हेल्प लाफिंग' म्हणजे हसू आवरत नाही, यात मदतीचा काही संबंध नाही. आणि जेवताना कुणी 'हेल्प युवरसेल्फ' म्हटलं तर हातानं वाढून घ्या. मला वाटलेलं तुझं तू बघ म्हणतोय, मी नुसता पापड खाऊन उठलो होतो.

तुमच्या मेलमध्ये असिस्ट चूक नाही, खरं विद्यार्थ्यानं लिहिलं की सरकारी नोटिशीसारखं वाटतं. एवढंच लिहा: 'सर, कुड यू प्लीज हेल्प मी विथ द बसपास फॉर्म?' आणि फॉर्मचा कुठला रकाना अडलाय तेही लिहा, नायतर ते परत तेच विचारत बसतील.