मतदार कार्ड आहे तरी बदलापूरच्या यादीत नाव नाही, असं कसं? आणि नगरपरिषदेला मतं किती द्यायची असतात?

तुम्ही लिहिलंय की २०२५ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातलं वर्तकनगर सोडून बदलापूरला गेलात, तिकडच्या पत्त्यावर नाव लावून घेतलं, कार्ड पण आलं, आणि २ डिसेंबरला केंद्रावर गेलात तर यादीत नाव नाही म्हणून परत पाठवलं. वाचून खरंच वाईट वाटलं. मी ठाण्यात शिक्षिका आहे, २०१७ ला आणि आता २०२६ च्या १५ जानेवारीला दोन्ही वेळा महापालिका निवडणुकीची ड्युटी केलीय, आणि दर वेळी हातात कार्ड घेऊन उभी असलेली अशी माणसं बघितलीत.

तर झालं काय ते सांगते. नगरपरिषद असो की महानगरपालिका, ही निवडणूक दिल्लीचा निवडणूक आयोग घेत नाही, ती घेतो राज्य निवडणूक आयोग, तो वेगळा आहे, ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये स्थापन झालेला. पण या आयोगाची स्वतःची मतदार यादी नसते. तो विधानसभेची यादी जशीच्या तशी उचलतो आणि प्रभागानुसार तोडतो, बास. ती उचलायला एक तारीख ठरवतात, या वेळी ती १ जुलै २०२५ होती. त्या दिवशी तुमचं नाव विधानसभेच्या यादीत जिथे होतं तिथेच तुम्ही मतदार. तुम्ही ऑगस्टमध्ये नाव बदलापूरला हलवलं, म्हणजे या निवडणुकीपुरते तुम्ही वर्तकनगरचेच राहिलात, कार्डावर बदलापूर छापलेलं असलं तरी. केंद्रावरच्या माणसाच्या हातात काहीच नसतं हो, त्याच्यापुढे जी छापील यादी आहे तिच्यात नाव हवं, कार्ड फक्त ओळख पटवायला.

२०१७ ला माझ्या केंद्रावर एक आजोबा आले होते, घोडबंदर रोडला मुलाकडे राहायला आलेले, नाव मात्र नौपाड्यातच. तीन वाजले होते, रिक्षाने जाऊन वेळेत पोचतील का हेच ते मला विचारत होते. मी जा म्हटलं, पुढे पोचले की नाही कळलं नाही, पण तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते की प्रारूप (म्हणजे कच्ची) यादी लागते तेव्हा बघा. मतदानाच्या आधी आयोग प्रभागनिहाय प्रारूप यादी लावतो आणि हरकतींना थोडे दिवस देतो. महापालिकांची २० नोव्हेंबरला लागली, मुदत २७ पर्यंत होती, ती ३ डिसेंबरपर्यंत वाढवली. पण त्या हरकतीत नवीन नाव घालता येत नाही. तुमचं नाव चुकून शेजारच्या प्रभागात टाकलंय, किंवा विधानसभेच्या यादीत आहे पण इथे सुटलंय, एवढंच दुरुस्त होतं. सोसायटीच्या मधून प्रभागाची हद्द गेली की अर्धी बिल्डिंग इकडे अर्धी तिकडे असं खूप होतं, आणि ते या दिवसांतच सुधारतं, मतदानाच्या दिवशी कितीही भांडलं तरी नाही.

आता मतं किती. ठाण्यात १३१ नगरसेवक, ३३ प्रभाग, त्यातला एक प्रभाग तिघांचा, बाकी सगळे चौघांचे, म्हणून आम्ही चार मतं दिली, आणि महापौर आम्ही निवडत नाही, तो नगरसेवक निवडतात. बदलापूरला उलटं, तिथे नगराध्यक्ष थेट लोकांमधून, आणि प्रभागात साधारण दोन सदस्य, म्हणजे तीन मतं. (थेट नगराध्यक्ष २०१६ ला होता, २०२० ला रद्द केला, २०२२ ला परत आणला, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो यात नवल नाही.) अ आणि ब या दोन वेगळ्या जागा असतात, दोन्ही मतं एकाच जागेच्या दोन उमेदवारांना देता येत नाहीत, प्रत्येक जागेला एक बटण. कोणी पसंत नसेल तर त्या जागेचं नोटा दाबायचं, पण दाबायचं सगळ्या जागांसाठी, तेव्हाच मतदान पूर्ण होतं आणि शेवटचा लांब आवाज येतो. माझ्या केंद्रावर किती तरी लोक एक बटण दाबून निघाले, त्यांना परत बोलवावं लागलं, आणि मागे रांग ताटकळत. मत कोणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी इथे नसते, त्यामुळे ती शोधत थांबू नका.

कोणी उभं राहावं याचेही नियम आहेत, वय २१, त्याच शहराच्या यादीत नाव, १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झालेली नसावीत, राखीव जागा असेल तर जात पडताळणीची कागदपत्रं. निम्म्या जागा महिलांना आहेत २०११ पासून, आणि मला ही या सगळ्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, माझ्या शाळेतल्या मुलींच्या आया आता वॉर्डातल्या नगरसेविकेला थेट जाऊन पाण्याचं विचारतात.

तुमची चिडचिड मी समजू शकते कारण घटनेत नगरपरिषद-महापालिकेची मुदत पाच वर्षं आहे, आणि नवी मुंबईत २०१५ नंतर थेट २०२६ ला निवडणूक झाली, मधली साडेपाचहून जास्त वर्षं प्रशासक, बदलापूरला पण २०१५ नंतर २०२५. इतकी वर्षं थांबून मत हुकलं की लागतंच.

आता एकच करा. पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरून झालाय ना, मग ऑनलाइन जाऊन बदलापूरच्या यादीत नाव खरंच चढलंय का, आणि वर्तकनगरमधलं निघालंय का हे दोन्ही तपासा. जुनं राहिलं तर नाव दुबार ठरतं, या वेळी दुबार नावांपुढे दोन चांदण्या छापल्या होत्या आणि अशांकडून केंद्रावर लेखी हमी घेत होते. घरातल्या सगळ्यांचं बघा, फक्त स्वतःचं नाही, आमच्याकडे सासूबाईंचंच राहून गेलं होतं.