"तुझं तू बघ"

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात सल्ल्याला आलेल्या तिघींनी मला तेच वाक्य ऐकवलं. "मॅडम, हे म्हणतात, तुझं तू बघ." तांबी बसवायची की गोळ्या घ्यायच्या, पाळणा लांबवायचा की कायमचा थांबवायचा, काहीही विचारलं तरी घरून हेच उत्तर. मग त्यांचा मला प्रश्न : नवऱ्याला यात आणायचं कसं? तिघींना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एका जोडप्याची हकीकत लिहिते. नावं आणि खुणा बदलल्या आहेत, आणि आठ-नऊ बैठकींचं मी चार-पाच बोलण्यांत आवळून टाकलं आहे.

सुनंदा इचलकरंजीची. नवरा महादेव यंत्रमागावर. त्या गावात कामाच्या शिफ्टलाही 'पाळी'च म्हणतात, त्यामुळे पहिल्या भेटीत ती म्हणाली, "त्यांची पाळी कधी चुकत नाही, माझी चुकली की सगळं घर माझ्याकडे बघतं." ही बाई रडून मोकळी होणारी नाही, हे मला तिथेच कळलं.

दोन मुलं. दुसऱ्यानंतर तांबी बसवली, पण फार अंगावरून जायला लागलं म्हणून वर्षभरात काढली. मग दिवस गेले, दवाखान्यात जाऊन गोळ्यांनी मोकळी झाली. हिमोग्लोबिन ८ वर आलेलं. आता सासूबाईंचं ठरलं होतं, की थंडीत जखम लवकर भरते, तेव्हा डिसेंबरात सुनेचं ऑपरेशन उरकायचं. ज्याच्याविषयी हे सगळं चाललं होतं त्यातला दुसरा माणूस मात्र कुठेच नव्हता.

मी तिला सांगितलं, "ऑपरेशनविषयी बोलायला बोलावलंय असं सांगू नका. रक्ताच्या रिपोर्टविषयी मॅडमना तुमच्याशी बोलायचंय म्हणा." आणि मी बोललेही रिपोर्टवरच. ज्या घरांत नवरा 'येत नाही', तिथे बरेचदा त्याला न जमणारी वेळ दिलेली असते, नाहीतर बायकांच्या रांगेत अवघडून उभं राहावं लागतं. महादेवला मी सकाळी नऊला बोलावलं. रातपाळी संपवून तो थेट आला, भुवयांत सुताची लव तशीच.

मी त्याला काही समजावलं नाही. इतकंच विचारलं, "गेल्या तीन वर्षांत हिला काय काय झालं, सांगता?"

"तांबी बसवली. काढली. मग एकदा त्या गोळ्या."

"गोळ्यांनंतर किती दिवस अंगावरून जात होतं?"

तो सुनंदाकडे बघायला लागला. ती म्हणाली, "बावीस."

"बोलली न्हाईस मला."

"तुम्ही सकाळी येऊन झोपायचा. उठेपर्यंत मी कामाला लागलेली असायचे."

इतक्या वर्षांत माझी खात्री झाली आहे, की 'तुझं तू बघ' म्हणणारा पुरुष दर वेळी बेफिकीर असतोच असं नाही. अनेकांना ही 'बायकांची बाब' वाटते, आणि आपण विचारलं तर आगाऊपणा होईल असंही. त्यामुळे त्याला सल्ला देण्याआधी माहिती द्यावी लागते, तीही शरीरशास्त्राची नाही, स्वतःच्या बायकोची.

त्या दिवशी जाताना तो दारातून परत फिरला. "माझं केलं तर बीम उचलता येईल का?"

बीम म्हणजे मागावर चढवायचा सुताचा जड रूळ. म्हणजे विचार आधीच सुरू होता! मी सांगितलं ते इथेही सांगते. पुरुष नसबंदी आता बिनटाक्याची होते. जागा बधिर करून एक बारीक छिद्र, दहा-पंधरा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. दोन दिवस आराम, बीमसारखं जड वजन आठवडाभर तरी नको, पुढे डॉक्टर सांगतील तसं. पुरुषी संप्रेरक अंडकोषातून थेट रक्तात जातं, त्याची वाट बंद होत नाही, म्हणून ताकद, दाढी, इच्छा सगळं होतं तसंच राहतं. वीर्यही पूर्वीसारखंच येतं, फक्त त्यात शुक्राणू नसतात. बाईच्या शस्त्रक्रियेत पोटाला, लहानसा का होईना, छेद द्यावा लागतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के होती आणि पुरुष नसबंदी ०.३. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं उलटली; नसबंदीही त्यांनी स्वतःवर करून घेतली होती. पुरुषांचा आकडा इतका खाली, यात आणीबाणीतल्या नसबंदीच्या सक्तीचा वाटा आहेच, ती भीती कितीतरी घरांत अजून सांगितली जाते.

पुढच्या खेपेला महादेव म्हणाला, "माझंच करू." मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सुनंदा म्हणाली, "नको."

मी गडबडले. घरात एकाची मिळकत, त्याला अशक्तपणा आला तर काय, ही तिची काळजी असेल असं धरून मी पुन्हा तीच माहिती उगाळली. ती ऐकून घेत राहिली. चूक माझी होती, अडलंय ते नवऱ्यापाशीच असं मी पहिल्या दिवसापासून धरून चालले होते.

एकटीला भेटले तेव्हा तिने विचारलं, "त्यांचं झाल्यावर मला दिवस गेले तर?"

"क्वचितच होतं तसं."

"आणि त्या क्वचितात मी निघाले तर?"

माहेरच्या गल्लीत एकीचं असं झालं होतं. तिला माहेरी आणून सोडली होती.

हे महादेवसमोर बोलायला तिला आणखी दोन भेटी लागल्या. बोलली तेव्हा तो उसळला, "तुझ्यावर आळ कोण घेतंय? मी हाय की!"

"तुम्हीच घ्याल. पहिले तुम्हीच."

पंखा फिरत होता तेवढाच आवाज. अशा वेळी मी काही बोलत नाही, आणि हे न बोलणं शिकायला मला दहा वर्षं लागली. त्याने मान खाली घातली, हाताच्या नखातला वंगणाचा काळा मळ उकरत बसला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "झालं का न्हाई ते तपासता येतं?"

येतं. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिने निरोध वापरावाच लागतो, कारण आधीचे शुक्राणू नळीत उरलेले असतात. मग वीर्याची तपासणी होते, आणि शुक्राणू नाहीत असं लेखी आल्यावरच निर्धास्त व्हायचं. दिवस राहिल्याचे बरेच किस्से या तीन महिन्यांतल्या हयगयीचे असतात, आणि आळ येतो बाईवर. पुढेही फार क्वचित नळी आपोआप जुळू शकते. तेव्हा तपासणी पुन्हा त्याची करायची, चौकशी तिची नाही. हे मी दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं, आणि महादेवकडून वदवून घेतलं.

म्हणून जिला नवऱ्याशी बोलायचंय तिला मी सांगते : भांडणात नको, सासूबाईंसमोर नको, आणि 'तुम्ही ऑपरेशन करा' इथून सुरुवात नको. आपल्याला काय काय सोसावं लागलं ते तारखांसकट सांगा. मग त्याला कसली भीती वाटते ते विचारा, आणि स्वतःची लपवू नका. ठरेपर्यंत निरोध आहे, सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन आहे, 'छाया' गोळ्या आहेत. यातलं आपल्याला काय चालेल ते तपासून घ्या.

आणि जिथे नवरा हात उगारतो, तिथे हे काही करू नका. त्याला मी बोलावतही नाही. बाईच्या स्वतःच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही, सज्ञान बाईच्या गर्भपातालाही नाही. सही आणा म्हणून परत पाठवलं तर तिथेच थांबून नियम विचारा.

महादेवचं नोव्हेंबर संपताना झालं. मार्चमध्ये सुनंदाचा फोन आला. रिपोर्ट आणायला तो स्वतः गेला होता, येताना झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून आला. तिने तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय.