लाइनमधला मुलगा आणि वकिलीची वाट

पत्र थोडक्यात: आम्ही ओहायोत कोलंबसला असतो. मुलगा अकरावीत, वजन 118 किलो, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या रांगेत, खेळतो. कॉलेजातही खेळायचंय आणि पुढे कॉर्पोरेट वकील व्हायचंय म्हणतो. डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातल्या, दोन कॉलेजांचे कोच फोन करतात, 'पैशांची काळजी करू नका' म्हणतात. हे म्हणतात, वकील व्हायचं तर खेळ आत्ताच बंद. काय करू?

ताई, नमस्कार.

खेळ बंद करायला मी सांगणार नाही. तुमच्याच ओहायोतल्या कॅन्टनचा ॲलन पेज नोटर डेम विद्यापीठाच्या 1966 च्या राष्ट्रीय विजेत्या संघात डिफेन्सिव्ह लाइनला होता. पुढे मिनेसोटा वायकिंग्जकडून खेळताना 1971 मध्ये एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. लॉ स्कूलला पहिल्यांदा गेला तेव्हा तीन आठवड्यांत सोडून आला. मग व्यावसायिक फुटबॉल खेळता खेळताच मिनेसोटा विद्यापीठातून 1978 मध्ये कायद्याची पदवी घेतली, काही वर्षं खासगी फर्ममध्ये वकिली केली आणि 1993 ते 2015 राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होता. असा माणूस विरळाच, त्याच्याशी मुलाची तुलना नको. पण ते तीन आठवडे तुमच्या यजमानांना जरूर सांगा.

अमेरिकेत लॉ स्कूल पदवीनंतर, तीन वर्षांचं. आधी अमुकच विषय घ्या अशी अट नाही. प्रवेशात सगळ्यात जास्त वजन दोन गोष्टींना: एलसॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर आणि कॉलेजचा जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी. घोडं अडतं ते जीपीएपाशी, आणि तेही वेळेमुळे. फुटबॉलचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे नेमकं पहिलं सत्र. घर सुटलेलं, खोलीत अनोळखी मुलगा, शनिवारी सामना, आणि त्यातच मिडटर्म.

माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता, लाइनमधलाच. पहिल्या सत्रात केमिस्ट्रीत डी. पुढच्या वर्षी तोच कोर्स पुन्हा करून ए मिळवला, कॉलेजने डी हिशेबातून काढला, घरी पेढे वाटले. लॉ स्कूलचे अर्ज मात्र एलसॅकमार्फत जातात आणि ती संस्था सगळ्या ट्रान्सक्रिप्टवरून (गुणपत्रकांवरून) जीपीए नव्याने काढते. तिच्या कागदावर ए-च्या शेजारी डी-सुद्धा मोजलेला होता. तो कागद हातात धरून पोरगा बराच वेळ गप्प बसला होता. म्हणून पहिल्या सत्रात नियमात बसतील इतकेच कमी विषय घ्यायचे, आणि दुपारची लॅब असलेला एकही नाही. सराव दुपारीच असतो.

आता पैशांचं. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, तसा एनसीएएचा, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेचा, नियमच आहे. कोच ज्या पैशांबद्दल बोलताहेत ते मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर मिळणारे असणार. याचा फायदा तुमचाच: उद्या गुडघा गेला किंवा मन उडालं, तरी ती मदत खेळापायी तुटत नाही. मार्कांची अट असेल तर किती जीपीए टिकवायचा, हे फायनान्शियल एडच्या ऑफिसातून लेखी घ्या. कोचच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका, तो भला माणूस असला तरी.

आणि 'वकील' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोर्ट येत असेल, तर हे काम तसं नाही. एक कंपनी दुसरी विकत घेते तेव्हा तिचे शेकडो करार एकेक करून वाचायचे, कुठल्या कलमात मेख आहे ते शोधायचं, सौदा पुरा होईतो रात्री जागायच्या. कॉर्पोरेट वकील न्यायाधीशासमोर क्वचितच उभा राहतो. पोराला हे आवडेल का, ते त्याला घरातलं भाड्याचं किंवा गाडीच्या कर्जाचं ॲग्रीमेंट वाचायला देऊन बघा. वीस पानं. कंटाळला तर कंटाळला, निदान आत्ताच कळेल.

कॉलेज बघायला जाल तेव्हा यजमानांनाही न्या. कोचची खोली झाली की मुलाला एकट्याला संघातल्या थर्ड इयरच्या लाइनमनकडे पाठवा. त्याने दोनच गोष्टी विचारायच्या: मेजर (मुख्य विषय) कोणता, आणि सरावापायी कुठला कोर्स सोडावा लागला.