वाचकांचे प्रश्न : झेब्रा माशावरची चाचणी माणसाला कितपत लागू पडते?

प्रश्न : आमच्या काचपेटीत झेब्रा मासे आहेत. याच माशांवर नॅनोकणांची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची, औषधे तपासतात, असे जीवतंत्रज्ञान शिकणाऱ्या माझ्या भाचीने सांगितले. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि आपण फुप्फुसांनी. मग त्याच्यावरचे निष्कर्ष आपल्याला कसे लागू पडतील? शिवाय चांदीचे नॅनोकण असलेले मोजे धुतल्यावर ते पाणी शेवटी ठाण्याच्या खाडीत जाते, त्याचे काय?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या भाचीने दिलेली माहिती बरोबर आहे. आपल्या काचपेटीतला आणि प्रयोगशाळेतला मासा एकाच जातीचा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत तो मूळचाच आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या माशावर संशोधन चालते. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे जोडीदार (समान मूळ असलेले) जनुक त्याच्यात सापडतात, हे २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा स्पष्ट झाले.

विषारीपणाच्या चाचणीसाठी बहुधा मोठा मासा न घेता त्याचे भ्रूण घेतात. ते आईच्या शरीराबाहेर वाढतात आणि पारदर्शक असतात, त्यामुळे फलनानंतर साधारण २४ तासांनी धडधडू लागलेले हृदय सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसते. आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या चाचणीत भ्रूण ९६ तास त्या पदार्थाच्या द्रावणात ठेवतात आणि अंडे गोठले का, शरीराचे खंड नीट तयार झाले का, शेपूट बलकापासून सुटली का व हृदय चालते आहे का, हे रोज पाहतात.

नॅनोकणांच्या बाबतीत मात्र या चाचणीचा निकाल जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. भ्रूणाभोवतीच्या कवचाला सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरची, म्हणजे ५०० नॅनोमीटरची छिद्रे असतात. एकटा कण त्यांतून सहज आत जाईल. पण पाण्यात कणांच्या गुठळ्या झाल्या, तर त्या कवचावरच अडकतात किंवा तळाशी बसतात, आणि भ्रूण सुखरूप दिसतो तो केवळ कण त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत म्हणून. यासाठी काळजीपूर्वक काम करणारे संशोधक कवच अलगद काढून पुन्हा चाचणी घेतात आणि पाण्यात प्रत्यक्ष किती कण तरंगत आहेत, हेही मोजतात. चांदीच्या कणांपासून पाण्यात आयन (विद्युतभारित अणू) सुटतात; म्हणून नुकसान कणांनी केले की आयनांनी, हे कळण्यासाठी शेजारी नुसत्या चांदीच्या क्षाराचे द्रावण ठेवावे लागते. ही तुलना नसलेल्या ‘सुरक्षित’ किंवा ‘घातक’ अशा निर्वाळ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

औषधांच्या बाजूने या माशाचे मोल अधिक आहे, असे मला वाटते. त्याला क्षयासारखा आजार करणारा एक जिवाणू आहे. २०१४ मध्ये ऑस्लो विद्यापीठातील संशोधकांनी रिफाम्पिसिन हे आपल्याकडे नेहमी वापरले जाणारे क्षयाचे औषध नॅनोकणांत भरून संसर्ग झालेल्या भ्रूणांना टोचले. चकाकणारे कण जिवाणू दडलेल्या पांढऱ्या पेशींत शिरताना जिवंत शरीरात दिसले, आणि मोकळ्या औषधापेक्षा परिणामही चांगला झाला. उंदराच्या शरीरात कणांची अशी वाटचाल इतक्या सहज पाहता येत नाही.

आता आपली शंका. ती रास्त आहे. माशाला फुप्फुसे नसल्याने कारखान्यातील धुळीबरोबर श्वासातून जाणाऱ्या कणांबद्दल ही चाचणी काहीच सांगू शकत नाही. पोटातून घेण्याच्या औषधाचे शोषणही भ्रूणात तपासता येत नाही, कारण त्या वयात तो बलकावरच जगतो. म्हणून अनेक नमुन्यांतून वाईट नमुने लवकर वगळण्यासाठी झेब्रा मासा उपयोगी. उरलेल्यांना सस्तन प्राण्यांवरील चाचण्या आणि त्यानंतर माणसांवरील चाचण्या टळत नाहीत.

मोज्यांविषयी : धुताना त्यांतून चांदी निघते, हे खरे आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात गेल्यास तिचा बराचसा भाग गंधकाशी संयोग पावून गाळात बसतो. प्रक्रिया न होता वाहणाऱ्या पाण्याला मात्र हा अडसर नाही. झेब्रा मासा गोड्या पाण्यातला आणि खाडी खारी. मिठातील क्लोराइड चांदीच्या आयनांना बांधून घेते, त्यामुळे प्रयोगशाळेतले आकडे उचलून खाडीला लावणे चूक ठरेल. खाडीसाठी चाचणी घ्यायची, तर ती तिच्याच चिखलातल्या निवटे या माशांवर आणि शिंपल्यांवर, खाडीच्याच पाण्यात घ्यावी लागेल.