गवे भात तुडवतात, आणि लेक त्यांच्याशी सलोख्याचे फोटो काढते

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. लेक बारावी सायन्सला. माणूस आणि जनावर गुण्यागोविंदानं नांदताहेत, असे कलात्मक फोटो काढायला तिला शिकायचंय. ते लिहितात, ‘आम्ही रात्र रात्र राखण करतो, तरी गवे भात तुडवून जातात. हिला शांतता कुठं दिसते? आणि यात पोट भरेल का?’

नमस्कार. तुमचा राग रास्त आहे. पण सोबत पाठवलेला फोटो मी निरखून पाहिला. अंगणात वाळत घातलेलं भात, कडेला आजी, आणि आजीच्या खांद्याशी तोंड आणलेली म्हैस. पोरीला नजर आहे.

निक ब्रँट या फोटोग्राफरनं 2020 साली झिम्बाब्वे आणि केनियात दुष्काळ-पुरानं उद्ध्वस्त झालेली माणसं आणि पुन्हा जंगलात सोडता न येणारी, माणसाळलेली जनावरं एकाच चौकटीत उभी केली. भोवतीचं धुकंही यंत्रानं सोडलेलं. म्हणजे ती शांतता रचलेली आहे, पण दोघांचंही नुकसान त्यात झाकलेलं नाही. तुमच्या लेकीच्या कामात हेच कमी पडतं. तुडवलेलं भात आणि राखणीनं तांबारलेले तुमचे डोळे तिच्या फोटोत अजून आलेलेच नाहीत.

गव्याच्या जवळ मात्र तिला अजिबात जाऊ देऊ नका. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. दोन फोटो जोडून एक केला, तर तसं खाली लिहायचं.

बारावी नीट होऊ दे. पुढं अप्लाइड आर्टची चार वर्षांची पदवी. प्रवेश परीक्षेत चित्रकला बघतात, तेव्हा स्केचिंग आत्तापासूनच. बेंगळुरूला चित्रकला परिषदेचं कॉलेज आहे, मुंबईला जेजे कला महाविद्यालय. महाराष्ट्रात अर्ज करताना सीमाभागातल्या 865 गावांत तुमचं गाव येतं का आणि त्या उमेदवारांना काय सवलत आहे, ते माहितीपुस्तिकेत बघा. पदवीनंतर एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, फोटोग्राफी डिझाइनही करता येतं.

पोटाचं स्पष्टच सांगतो. निव्वळ कलेवर सुरुवातीची वर्षं भागत नाही. लग्नाच्या ऑर्डरी, बेळगावातल्या फौंड्र्यांच्या कॅटलॉगचे फोटो, असल्या कामांवरच घर चालतं. त्यात कमीपणा नाही. प्रकाशयोजनेवर हात तिथंच बसतो. महागड्या कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नका. (म्हैस तर मुळीच विकू नका, तीच सध्या तिची मॉडेल आहे!)

तोवर एक काम. दिवसाउजेडी तुडवलेल्या शेतात तुम्ही उभे राहा आणि तिला हवे तेवढे फोटो काढू दे. त्यातले निवडक मला पाठवा, मग कुठल्या कॉलेजला अर्ज करायचा ते बोलू.